गाठ गेली, आता गुडघा: मांडीच्या सार्कोमानंतरचे महिने

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीचं वय 46. उजव्या मांडीत पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या वर चार बोटांवर मऊ ऊतींचा सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या ऊतींतला कॅन्सर, निघाला. आधी 25 वेळा रेडिएशन, मग पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया. गाठीबरोबर मांडीचे दोन स्नायू काढावे लागले. शस्त्रक्रियेला आता सहा आठवडे झाले, जखम नुकतीच भरली. गुडघा 50 अंश वाकतो. पाय सरळ ठेवून उचलायला गेलं की नडगी खाली लोंबते, आणि दोनदा चालताना गुडघा अचानक मुडपून त्या पडता पडता वाचल्या. एक जण म्हणतो जोर लावून वाकवा, दुसरा म्हणतो कॅन्सरच्या जागेला हात लावू नका. त्यांचं काम प्रयोगशाळेत, दिवसभर उभ्याने. गुडघा पूर्वीसारखा होईल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली सोळा वर्षं हाडांच्या आणि मऊ ऊतींच्या कॅन्सरच्या रुग्णांबरोबरच काम करतो. सरळ सांगतो, अगदी पूर्वीसारखा बहुधा होणार नाही. भरवशाचा मात्र होऊ शकतो, आणि सहा आठवडे म्हणजे उशीर झालेला नाही.

तुमच्या प्रश्नात मोजलेला आकडा एकच, 50 अंश. मला त्याची फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती लोंबणाऱ्या नडगीची, आणि ती कुणी मोजलेलीच दिसत नाही. सपाट जमिनीवर चालताना पाय पुढे टाकण्यासाठी गुडघा साधारण 60 अंश वाकावा लागतो. जिन्याला 80 ते 90, खुर्चीतून नीट उठायला 90च्या थोडं वर. पण पायावर अंगाचा भार येतो त्या क्षणी गुडघा जवळपास सरळ असावा लागतो आणि तसाच टिकावा लागतो. 75 अंश वाकणारा आणि पूर्ण सरळ होऊन थांबणारा गुडघा घेऊन माणसं नोकरी करतात, गाडी चालवतात, प्रवासाला जातात. 120 अंश वाकणारा पण शेवटचे 20 अंश स्वतःच्या जोरावर सरळ न होणारा गुडघा एखाद्या दिवशी जिन्यात दगा देतो. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, पाय सरळ होतो का? किती वाकतो हे नंतर.

हाताने सरळ करता येतो, पण रुग्णाला स्वतःला करता येत नाही, या फरकाला आम्ही ‘लॅग’ म्हणतो. तो शेवटच्या टप्प्यातच का राहतो याचं उत्तर जुनं आहे. 1968 साली लीब आणि पेरी या संशोधकांनी कापलेल्या पायांवर प्रयोग करून दाखवलं की गुडघा सरळ करताना शेवटच्या 15 अंशांसाठी मांडीच्या स्नायूंना सुमारे 60 टक्के जास्त जोर लावावा लागतो. मांडीच्या पुढचे चार स्नायू म्हणजे चार भाऊ समजा. त्यातले दोन घरातून गेले तर रोजची कामं उरलेले दोघं ओढून नेतात, पण सर्वांत जड ओझं उचलायची वेळ येते तेव्हा कमी पडतात.

मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स नावाचा चार स्नायूंचा गट असतो. त्यातले कोणते दोन गेले यावर बरंच अवलंबून आहे. रेक्टस फेमोरिस गेला तर बहुतेक जण तो विसरून जातात, कारण त्याचं अर्धं काम खुब्याशी असतं. आतल्या बाजूचा व्हास्टस मेडियालिस गेला तर गुडघ्याची वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते, आणि पायऱ्या उतरताना वाटीखाली दुखू लागतं. म्हणून शस्त्रक्रियेची नोंद, म्हणजे ऑपरेशन नोट, मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत जे लिहिलेलं असतं ते पुरत नाही. तीत पाहा: स्नायू कोणते काढले, या स्नायूंना मेंदूचा निरोप पोचवणाऱ्या फेमोरल नसेची (मज्जातंतूची) एखादी फांदी कापली गेली का, स्नायूला वाटीशी जोडणारा दोरीसारखा कंडरा कापून पुन्हा शिवला का, आणि मांडीच्या हाडावरचं आवरण सोललं का. कंडरा शिवलेला असेल तर किती वाकवायचं आणि जोर कधी लावायचा याची मर्यादा सर्जनच ठरवतील. मग खाली जे लिहितोय ते त्या मर्यादेत राहूनच करायचं. हाडाच्या आवरणाचं का विचारतोय ते पुढे येईल.

आता सर्वांत महत्त्वाचं. स्नायू गेला असणं वेगळं आणि स्नायू झोपलेला असणं वेगळं. गुडघ्यात थोडंसं पाणी साठलं तरी शरीर मांडीच्या स्नायूला ‘थांब’ असा निरोप पाठवतं. वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे मोठे दोन चमचे पाणीही त्याला पुरतं. त्यात दुखणं, महिनाभराचा ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) आणि पडण्याची भीती. सहाव्या आठवड्यात दिसणारा लॅग बऱ्याचदा गेलेला स्नायू आणि झोपलेला स्नायू या दोन्हींची बेरीज असतो, आणि त्यातला झोपलेला हिस्सा परत मिळवता येतो.

हे मी कसं ओळखतो ते सांगतो. रुग्णाला पाठीवर झोपवतो, गुडघ्याखाली टॉवेलची मनगटाएवढी गुंडाळी ठेवतो आणि दोन बोटं वाटीच्या वर, मांडीवर टेकवतो. “गुंडाळी खाली दाबा.” पहिल्या प्रयत्नात जवळपास प्रत्येक जण नितंब आवळतो, श्वास धरतो, टाच गादीत रुतवतो, वाटी जागची हलत नाही. मग वाटीच्या वरच्या काठावर बोट ठेवून म्हणतो, “जोर नको. हे बोट फक्त मांडीकडे सरकवा.” आणि दुसऱ्या पायाची वाटी कशी सरकते ते आधी दाखवायला सांगतो. सातव्या-आठव्या वेळी कधीतरी बोटांखाली दोरा ताणल्यासारखं काहीतरी तटतटतं. एका बाईंनी ते स्वतःच्या बोटांनी चाचपलं आणि विचारलं, “हा माझाच स्नायू का?” तो दोरा लागला की उरलेला स्नायू मेंदूचं ऐकतोय हे कळतं. आठवडाभर रोज प्रयत्न करूनही काहीच लागलं नाही, तर मी सर्जनना फोन करतो आणि नसेची तपासणी करायला सुचवतो.

तुमच्या पत्नीने सध्या हेच करावं. गुंडाळी दाबून पाच सेकंद धरायचं, दहा वेळा, आणि असं दिवसातून सहा-सात वेळा. एकदाच तासभर करण्याला अर्थ नाही. वाटी सरकते हे पक्कं झालं की गुंडाळी जाड करायची, गुडघा त्यावर टेकवून टाच उचलायची. पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम त्यानंतर. लॅग असताना पाय उचलत राहिलं तर खुब्याचे स्नायू काम उरकतात आणि गुडघा वाकलेलाच राहायला शिकतो. हा व्यायाम सगळ्या छापील पत्रकांत पहिल्या क्रमांकावर असतो, आणि मला ते कधी पटलं नाही.

गुडघ्याखालची उशी आजच काढा. मांडीवर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला गुडघा किंचित वाकवून झोपलं की बरं वाटतं, घरचे प्रेमाने उशी सरकवतात, आणि महिन्याभरात गुडघ्यामागचे स्नायू त्याच मापाचे होऊन बसतात. दहा अंशांची ही वाक सोडवायला मला तीन-तीन महिने लागलेले आहेत. उशी हवीच असेल तर टाचेखाली ठेवा, गुडघ्याखाली हवा राहू द्या. दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा.

वाकवण्याविषयी बोलायचं तर आधी माझी एक चूक. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मांडीच्या आतल्या बाजूला शस्त्रक्रिया झालेला एक तरुण माझ्याकडे होता, रेडिएशन आधीच झालेलं. बाराव्या दिवशी मी 90 अंशांसाठी हट्ट धरला. त्यानेही दात खाऊन साथ दिली आणि 90 झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी ओली होती, जखमेची दोन इंच कड उसवलेली. पुन्हा शस्त्रक्रिया, दुसरीकडचा स्नायू फिरवून जखम झाकली, आणि त्यानंतर कित्येक आठवडे गुडघा वाकवायचं नावच नाही. नव्वद मिळवण्याच्या घाईत मी त्याचा एक ऋतू घालवला.

रेडिएशन आधी घेतलेल्या त्वचेला भरायला वेळ लागतो. हे आकड्यांतही दिसलेलं आहे. कॅनडात 190 रुग्णांची मोठी चाचणी झाली, 2002 साली तिचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेआधी रेडिएशन घेतलेल्यांपैकी 35 टक्के लोकांना जखमेचा त्रास झाला, नंतर घेतलेल्यांपैकी 17 टक्के. मग आधी का देतात? कारण आधीचा डोस कमी असतो, 50 ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक). नंतर द्यायचा तर 66 पर्यंत जातो आणि क्षेत्रही मोठं होतं. त्याच रुग्णांना दोन वर्षांनी तपासलं तेव्हा ऊती निबर होण्याचं प्रमाण आधी घेतलेल्यांत 31 टक्क्यांच्या आसपास होतं, नंतर घेतलेल्यांत 48. तुमच्या पत्नीने जखमेचा त्रास पहिल्या महिन्यात सोसला, त्या बदल्यात पुढची वर्षं थोडी सोपी मिळाली. सौदा वाईट नाही.

जखम पूर्ण कोरडी आणि मिटलेली असेल, सर्जनची हरकत नसेल, तर आता वाकवायला सुरुवात करा. खुर्चीच्या काठावर बसायचं, बऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या पायापुढे अडकवून त्याला हळूहळू मागे ढकलायचं, ओढ लागली की वीस-तीस सेकंद थांबायचं. दुसऱ्या कुणी गुडघा दाबून वाकवायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही. वाटीच्या चार बोटं वर पेनने खूण करा आणि तिथला घेर रोज सकाळी टेपने मोजा. कालच्यापेक्षा सेंटिमीटरभर वाढला असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. दुखण्यापेक्षा मी या टेपवर जास्त विश्वास ठेवतो. दुखण्याच्या बाबतीत लोक फिजिओशी खोटं बोलतात. आठवड्याला पाच अंश वाढले तरी मी खूश असतो. भूल देऊन गुडघा जबरदस्तीने वाकवण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी कॅन्सरच्या सर्जनना विचारा. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते करतात, पण रेडिएशन घेतलेल्या मांडीत हाड आणि कंडरा तितके भरवशाचे नसतात.

‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याचं अर्धं बरोबर आहे. हलक्या हाताने व्रणावरची त्वचा सरकवल्याने कॅन्सर पसरतो असा पुरावा नाही. उलट व्रण खालच्या स्नायूला चिकटला तर गुडघा वाकताना तोच लगाम ओढतो. दोन बोटं व्रणाच्या बाजूला ठेवा आणि त्वचा वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवून पाहा. जिथे दुसऱ्या मांडीसारखी सरकत नाही तिथे मिनिटभर थांबा, दिवसातून दोनदा, साधं मलम लावून. रगडायचं नाही. गरम पिशवी, शेकण्याचे दिवे, डायथर्मी (आत खोलवर शेक देणारं यंत्र), अल्ट्रासाउंडचं मशीन हे त्या जागी नको. व्रणाभोवतीची त्वचा बधिर असते, भाजलेलं कळतही नाही. विजेचे झटके देऊन स्नायू जागवण्याचं यंत्र कधीकधी उपयोगी पडतं, पण गाठ पूर्ण निघाली, काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नाही, हे पॅथॉलॉजीच्या अहवालात दिसल्यावर आणि कॅन्सरच्या डॉक्टरांच्या संमतीनेच. त्वचा सरकवताना बोटाला नवी गाठ लागली तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तपासणी असते ती यासाठीच, पण रोज त्या जागेवर हात तुमच्याच घरातला फिरतो.

आता पडण्याचं. गुडघा दोनदा मुडपलाय, तर लॅग पाच अंशांच्या आत येईपर्यंत कुलूप लागणारा ब्रेस किंवा काठी हवीच. काठी डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध. जिना चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी, कठड्याला हात. ज्यांचे स्नायू खरोखर कमी उरलेत ते एक युक्ती आपोआप शिकतात: भार टाकताना धड किंचित पुढे झुकवायचं आणि नितंबाच्या स्नायूने मांडी मागे ओढायची, म्हणजे वजनाची रेषा गुडघ्याच्या पुढून जाते आणि तो स्वतःच्या वजनाने सरळ राहतो. म्हणून मी पहिल्या दिवसापासून नितंबाचे आणि पोटरीचे व्यायाम घेतो, मांडीबरोबरीने. मात्र ही युक्ती वर्षानुवर्षं वापरली तर गुडघा मागच्या बाजूला झुकू लागतो. बाजूने पाहिलं की पाय धनुष्यासारखा दिसतो, मग गुडघ्यामागे दुखतं. तसं दिसायला लागलं तर ब्रेस पुन्हा चढवावा लागतो.

चारही स्नायू किंवा फेमोरल नस गेलेली असती तर हे उत्तर वेगळं झालं असतं. तेव्हा मागच्या बाजूचे स्नायू पुढे आणून वाटीला जोडतात, किंवा पाठीचा लॅटिसिमस डॉर्सी हा स्नायू नसेसकट आणून बसवतात. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, तेव्हा त्या स्नायूची पहिली हालचाल दिसायला महिने जातात. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण नोट वाचल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक गंमत होते. गुडघा 90 पर्यंत आलेला असतो, चाल सुधारलेली असते, कामावर जाणं सुरू होतं आणि व्यायाम बंद पडतो. सहा महिन्यांनी तीच व्यक्ती 70 अंश घेऊन परत येते आणि म्हणते, काही केलं नाही तरी कमी झाला. काही केलं नाही म्हणूनच. रेडिएशनचं मशीन बंद झालं तरी ऊती निबर होण्याची प्रक्रिया आत चालू राहते, महिनोन्महिने, कधी काही वर्षं. त्यामुळे वाकवण्याचा आणि सरळ करण्याचा व्यायाम किमान दोन वर्षं रोज, दात घासण्यासारखा. कंटाळा येणार. आठवड्यातून एक दिवस सुट्टी घ्या, महिनाभर घेऊ नका.

हाडाचं सांगायचं राहिलं. रेडिएशन झालेलं मांडीचं हाड पुढे काही वर्षांनी किरकोळ कारणाने, कधी न पडताही मोडू शकतं, आणि मोडलं तर जुळायला फार त्रास देतं. हाडावरचं आवरण सोललेलं असेल, डोस 60 ग्रेच्या पुढे असेल, स्त्री असेल आणि वय पंचावन्नच्या पुढे असेल तर धोका वाढतो. तुमच्या पत्नीच्या बाबतीत डोसची बाजू चांगली आहे. तरीही दोन-चार वर्षांनी मांडीत खोलवर, भार टाकल्यावर ठणकणारं दुखणं सुरू झालं तर ‘व्यायामाने झालं असेल’ म्हणून सोडू नका, एक्स-रे काढा. उड्या, धावणं, वजन घेऊन खाली बसणं हे सर्जनना विचारल्याशिवाय नको. स्थिर सायकल आणि पाण्यातलं चालणं उत्तम, पाण्यात अर्थातच त्वचा पूर्ण भरल्यावर.

सूज संध्याकाळी वाढते आणि पाय उंच ठेवला की उतरते, ही बहुतेक वेळा लसिकेची, म्हणजे ऊतींतून नीट न वाहून गेलेल्या द्रवाची. तिला मापाचा दाबाचा मोजा लागतो. पोटरी एकदम फुगली, दुखरी आणि गरम झाली तर रक्ताची गुठळी समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कधीकधी रुग्ण वैतागून विचारतात, पाय काढला असता तर सोपं झालं असतं का? पूर्वी तेच करत. 1982 साली अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 43 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली: काहींचा पाय काढला, काहींचा वाचवून रेडिएशन दिलं, जगण्यात फरक पडला नाही. तिथून पाय वाचवणं हा नियम झाला, आणि वाचवलेल्या पायाचं पुढे काय करायचं हा प्रश्न आमच्या टेबलावर आला.

कामाविषयी: उभं राहण्याच्या कामाला वाकण्यापेक्षा सरळपणा लागतो, म्हणजे तुमच्या पत्नीचं उद्दिष्ट आणि माझा आग्रह एकच आहे. लॅग गेला की अर्धा दिवस, जवळ उंच स्टूल ठेवून, सुरू करता येईल. लॅग जाईपर्यंत तारीख ठरवू नका.

येत्या रविवारी दोन फोटो काढा, दोन्ही पायाच्या बाहेरच्या बाजूने, मोबाइल गादीच्या उंचीवर धरून. पहिल्यात टाचेखाली उशी आणि पाय सैल सोडलेला. दुसऱ्यात त्यांनी स्वतःच्या जोरावर पाय जितका होईल तितका सरळ करून गादीपासून वीतभर उचललेला. खुब्याचं हाड, गुडघ्याची बाहेरची बाजू आणि घोटा यांवर पेनाचे ठिपके द्या आणि रेषा जोडून कोन काढा. पहिला कोन सरळ नसेल तर गुडघा आखडलाय, तिथे टाचेखालची उशी. पहिला सरळ आणि दुसरा वाकलेला असेल तर तो लॅग, तिथे गुंडाळी. चार रविवार असेच फोटो काढा. चौथ्या रविवारीही दुसरा कोन पहिल्या रविवारइतकाच असला, तर ऑपरेशन नोट आणि हे आठ फोटो घेऊन सर्जनकडे जा, आणि नसेचं विचारा.